हरवलेली नाडी

मित्रांनो, आज वाचायला सुरुवात करण्याआधी एक छोटंसं काम करा. उजव्या हाताची मधली तीन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी हलकेच टेकवा. जरा थांबा. टुक्... टुक्... टुक्... लागली ना नाडी? आता हात बदला आणि उजव्या मनगटावर बघा. दोन्हीकडे सारखीच लागते ना? छान! हे ठोके लक्षात ठेवा, कारण आजची आपली गोष्ट आहे नाडी हरवण्याची.

पण त्याआधी थोडं पाण्याविषयी बोलू. पाथर्डीच्या दोस्तांना तर हे सांगायलाच नको. त्यांच्या गावाला नळाचं पाणी येतं ते लांबून, गोदावरीवरच्या जायकवाडी धरणातून. मोटारी पाणी उचलतात, मोठ्या जलवाहिनीतून ते गावात येतं, मग गल्लीतल्या नळ्या आणि शेवटी घरातली तोटी. आता समजा, एका गल्लीत पाणी धो धो येतंय आणि दुसऱ्या गल्लीत करंगळीएवढी धार. बिघाड कुठे असेल? तोटीत असेलच असं नाही. तो लांब, मोठ्या पाइपात असू शकतो. पण तो कळतो कुठे? टोकाला, रिकाम्या हंड्यापाशी!

आपल्या शरीरातही अशीच एक मोठी जलवाहिनी आहे. तिचं नाव महाधमनी. डॉक्टर तिला अयोर्टा म्हणतात.

छत्रीच्या मुठीसारखी

हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून महाधमनी निघते. आधी वर जाते, मग छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याला लागून थेट पोटात उतरते. बेंबीच्या जवळपास तिचे दोन फाटे होतात, एक उजव्या पायाला, एक डाव्या पायाला. वाटेत तिला फांद्या फुटतात. अगदी पहिल्या दोन फांद्या खुद्द हृदयालाच रक्त देतात. वळणावरच्या तीन फांद्या डोक्याला आणि हातांना. मग खाली जठर, यकृत, आतडी आणि मूत्रपिंडं यांच्या फांद्या.

मोठ्या माणसाची महाधमनी छातीत साधारण अडीच-तीन सेंटिमीटर रुंद असते. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त तिच्यात ढकलतं. म्हणजे पाण्याचा तो वीस लिटरचा जार असतो ना, तो चार मिनिटांत भरेल!

आता एक गंमत. हापसा मारताना तुम्ही पाहिलंय, दांडा खाली दाबला की पाणी भळकन येतं, वर उचलला की थांबतं. हृदयही असंच धक्क्याधक्क्याने काम करतं. मग दोन ठोक्यांच्या मधे रक्त थांबत कसं नाही? कारण महाधमनी लोखंडी नसते, रबरासारखी लवचीक असते. ठोका पडला की ती थोडी फुगते आणि मधल्या वेळात आक्रसून रक्त पुढे ढकलते. तिची ती फुगण्याची लाट धमन्यांतून धावत मनगटापर्यंत येते. तीच आपली नाडी!

तिची भिंत तीन थरांची असते. सगळ्यांत आत गुळगुळीत अस्तर, मधे लवचीक जाड थर, बाहेर मजबूत वेष्टण. ही भिंत आयुष्यभर दिवसाला सुमारे एक लाख ठोके सोसते. ती बिघडली की काय काय होतं, ते आता पाहू.

बिघाड पहिला : जन्मापासूनच अरुंद

काही बाळांची महाधमनी जन्मतःच एका जागी आवळल्यासारखी अरुंद असते. ही जागा बहुतेक वेळा हातांच्या फांद्या निघून गेल्यानंतर लगेच असते. मग काय होतं? हातांना आणि डोक्याला भरपूर दाब, पायांना कमी. अशा मुलाचं डोकं दुखतं, नाकातून रक्त येतं, पळताना पाय भरून येतात, पावलं गार पडतात. कित्येकांना तर काहीच जाणवत नाही.

त्यातून आणखी एक घोटाळा होतो. मूत्रपिंडं असतात त्या अरुंद जागेच्या खालच्या बाजूला. त्यांना दाब कमी मिळतो आणि ती ओरडा करतात, "दाब वाढवा, दाब वाढवा!" शेवटच्या गल्लीतून तक्रार आली म्हणून मोटार जोरात चालवावी, तसं शरीर दाब वाढवतं. पण आवळलेली जागा तशीच! सगळा जास्तीचा दाब येतो वर, हृदयावर आणि मेंदूवर. म्हणून या आजारात लहान मुलालाही रक्तदाब असतो.

यावर इलाज आहे का? आहे! १९४४ साली स्वीडनमधल्या डॉ. क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी एका बारा वर्षांच्या मुलाची अरुंद जागा कापून काढली आणि दोन्ही टोकं एकमेकांना शिवून टाकली. आता तर पुष्कळदा छाती न उघडता, मांडीच्या धमनीतून बारीक नळी नेऊन, टोकाचा फुगा फुगवून ती जागा रुंद करतात.

बिघाड दुसरा : नाडीच हरवते

आता एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. पाथर्डीजवळच्या एखाद्या वाडीवरची आठवीतली मुलगी. आईबाबा ऊसतोडीला गेलेले, ती आजीपाशी. दिवाळीपासून तिला मधूनमधून कणकण येते. जेवण जात नाही. फ्रॉक ढगळ व्हायला लागलाय.

"आजी, हापसा मारला की माझा डावा हात लई दुखतो गं. थांबलं की राहतो."

"अगं पोरी, अशक्तपणा आहे तो. शेंगदाणे-गूळ खात जा."

आजीचं चुकलं का? नाही. बहुतेक वेळा ते खरंच असतं आणि गूळ-शेंगदाणे चांगलेच. पण समजा शाळेत आरोग्य तपासणी झाली. सिस्टरनी डाव्या मनगटाला बोटं लावली आणि त्या चमकल्या. नाडी अगदी बारीक! उजवीकडे बघतात तर ठणठणीत. दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला, तर उजव्या हातात खूप जास्त आणि डाव्या हातात कमी.

या आजाराला ताकायासूचा आजार म्हणतात. १९०८ साली जपानमधल्या मिकितो ताकायासू या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एका तरुणीच्या डोळ्यांत आत पाहिलं, तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांनी चक्क कडं केलं होतं! त्यांनी ते डॉक्टरांच्या सभेत सांगितलं. तेव्हा दुसरे डॉक्टर म्हणाले, आम्हीही असे रुग्ण पाहिलेत आणि त्यांच्या मनगटाला नाडीच नव्हती! बघा हं, बिघाड छातीतल्या मोठ्या वाहिनीत, आणि खूण सापडली डोळ्यात आणि मनगटात. टोकालाच की नाही?

शरीराचे रक्षण करणारे सैनिक इथे चुकून आपल्याच महाधमनीवर हल्ला करतात. भिंत सुजते, जाड होते आणि तिच्यातून निघणाऱ्या फांद्यांची तोंडं अरुंद होत जातात. असं का होतं, याचं पूर्ण उत्तर अजून सापडलेलं नाही. पण हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो जास्त करून मुलींना आणि तरुण स्त्रियांना होतो, तोही आपल्या आशिया खंडात अधिक.

तो जपानपुरता नाही, हे आपल्या मुंबईच्या डॉक्टरांनी चांगलं दाखवून दिलं. १९६८ साली भारतातलं पहिलं हृदयरोपण करणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात होते. त्यांनी आणि डॉ. किनरे, डॉ. केळकर, डॉ. पारुळकर या सहकाऱ्यांनी महाधमनीच्या या सुजेच्या तब्बल १०१ रुग्णांचा अभ्यास केला आणि १९७३ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतातल्या रुग्णांत पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या फांद्याही पुष्कळदा अरुंद झालेल्या आढळतात. म्हणून कोवळ्या वयात रक्तदाब वाढलेला दिसला, की डॉक्टर या आजाराचाही विचार करतात.

आपल्या गोष्टीतल्या मुलीला आधी पाथर्डीच्या सरकारी दवाखान्यात, तिथून ५० किलोमीटरवर अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, आणि गरज पडली तर पुण्या-मुंबईला जावं लागेल. सूज उतरवणारी औषधं पुष्कळ महिने, कधी कधी वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. काहींची अरुंद फांदी फुग्याने उघडतात. आजार एका गोळीत जात नाही. पण लवकर कळला आणि औषध मनाने थांबवलं नाही, तर अशी मुलगी शाळा शिकते, नोकरी करते, संसारही करते. उशीर झाला, तर मात्र वाढलेला दाब हृदय, मूत्रपिंडं, मेंदू यांचं नुकसान करतो.

बिघाड तिसरा : फुगणं आणि फाटणं

अरुंद होण्याच्या उलट प्रकार म्हणजे फुगणं. सायकलच्या जुन्या ट्यूबला एखाद्या जागी फुगवटा येतो ना, तसं. हे बहुधा म्हातारपणी, पोटातल्या महाधमनीत होतं. बिडी-सिगारेट हे त्याचं एक मोठं कारण. तेव्हा आजोबांना बिडी सोडायला सांगायला हे एक कारण पुरेसं आहे! थोर शास्त्रज्ञ आइनस्टाइन यांनाही हाच आजार होता. १९४८ साली डॉ. रुडॉल्फ निसेन यांनी शस्त्रक्रिया करून तो फुगवटा चक्क सेलोफेनच्या कागदाने गुंडाळला. त्यानंतर आइनस्टाइन सहा वर्षांहून जास्त जगले. १९५५ साली एप्रिलमध्ये तो फुगवटा फुटला आणि त्यातच त्यांचं निधन झालं.

आणि फाटणं म्हणजे? अस्तर उसवलेल्या कोटात हात घालताना हात बाहीत न जाता अस्तर आणि कापड यांच्या मधेच शिरतो, अनुभव आहे ना? महाधमनीचं अस्तर फाटलं की रक्तही असंच थरांच्या मधे घुसतं. छातीत किंवा पाठीत एकाएकी भयंकर कळ येते. तेव्हा एक क्षणही न दवडता मोठ्या रुग्णालयात न्यावं लागतं.

काही कुटुंबांत महाधमनीची भिंत जन्मतःच कच्ची असते. यातल्या एका आजाराचं नाव मार्फान. अशी माणसं पुष्कळदा उंच, सडपातळ, लांब हाताबोटांची असतात. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन अशीच, साडेसहा फुटांच्या जवळपास उंच. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये तिच्या संघाने रौप्यपदक जिंकलं. २४ जानेवारी १९८६ रोजी जपानमध्ये सामना चालू असताना ती बाकावर बसली आणि कोसळली. महाधमनी फाटली होती. तिला स्वतःला हा आजार आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तिच्यामुळे तिच्या भावाची तपासणी झाली, त्यालाही तोच आजार निघाला आणि वेळेवर शस्त्रक्रिया झाली. बहीण गेली, पण जाता जाता भावाला वाचवून गेली.

पण हं, तुमच्या वर्गातला उंच मुलगा आजारी असतो असं मुळीच नाही! उंचीबरोबर चष्म्याचा मोठा नंबर, छातीच्या पिंजऱ्याचा वेगळा आकार, घरात कुणी तरुणपणी एकाएकी गेलेलं, असं काही असेल तर हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. एवढंच.

शिवणयंत्रावरची धमनी

फाटलेली महाधमनी बदलता येते का? येते, आणि तीही कापडाने! अमेरिकेतले डॉ. मायकेल डीबेकी नायलॉनचं कापड आणायला दुकानात गेले. नायलॉन संपलं होतं. दुकानदाराने नवं डेक्रॉन दाखवलं, म्हणजे पॉलिस्टरचं कापड. लहानपणी आईने त्यांना शिवण शिकवलं होतं. त्यांनी घरच्या शिवणयंत्रावर त्या कापडाच्या नळ्या शिवल्या. ही १९५० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. अशा पॉलिस्टरच्या नळ्या आजही वापरतात. आणि योगायोग पाहा, २००५ च्या शेवटी, ९७ व्या वर्षी, खुद्द डीबेकींचीच महाधमनी फाटली! पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कृत्रिम नळी बसवली. ते २००८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभरीपर्यंत जगले. तेव्हा "शिवण काय शिकायचं?" असं म्हणणाऱ्या मुलांनो, ऐकताय ना?

घरचा अभ्यास

रविवारी घरातल्या सगळ्यांची नाडी बघा. दोन्ही मनगटांवर, एकेक मिनिट. मग पायाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या रेषेत थोडं मागे बोटं टेकवा. तिथेही नाडी लागते. आकडे वहीत लिहा. पायाची नाडी पहिल्यांदा सापडत नाही, तेव्हा घाबरू नका. बोटांना सवय लागते. पण एका मनगटावर लागते आणि दुसऱ्यावर पुन्हा पुन्हा बघूनही लागत नाही, असं झालं तर आईबाबांना सांगा.

आणि आईबाबांसाठी दोन शब्द. मुलांचाही रक्तदाब मोजायचा असतो. एकदा तरी दोन्ही हातांत आणि एका पायात मोजून घ्या. महिनोन्‌महिने बारीक ताप, वजन उतरणं, काम करताना हात किंवा पाय भरून येणं, याला नुसता अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक सरकारी शाळांत आणि अंगणवाड्यांत येतं आणि मुलांना फुकट तपासतं. त्या दिवशी मुलाला शेतावर किंवा लग्नाला नेऊ नका, शाळेत पाठवा. ऊसतोडीला गेलेल्यांनी परत आल्यावर ती तपासणी राहिली का, एवढं गुरुजींना विचारा.

मोठ्या जलवाहिनीतला बिघाड टोकाच्या तोटीला कळतो. आपलं मनगट ही तशीच एक तोटी आहे, आणि ती तपासायला तीन बोटं पुरतात.

पुढच्या आठवड्यात भेटू "दाब वाढवा" म्हणून ओरडणाऱ्या त्या मूत्रपिंडांना. तोवर, नाडी मोजत राहा!