बोट पाचला सुटते, पण तुमची वेळ पाचची नाही



दिवाळी झाली की डीलर स्कीमच्या सहलींची यादी लागते. रंगाच्या कंपन्या, पंप-मोटारच्या, टाइल्सच्या. पूर्वी टार्गेट पूर्ण केलं की चांदीचं नाणं नाहीतर मिक्सर मिळायचा. आता कितीतरी ठिकाणी ‘मुंबईहून क्रूझ, दोघांसाठी’ असतं. स्वतः पैसे साठवून तिकीट काढणारे दुकानदारही वाढलेत. आणि मग आपल्याकडे हमखास एक वाक्य ऐकू येतं: “कासारसाईहून मुंबई तीन-साडेतीन तास. बोट संध्याकाळी पाचला. सकाळी दुकान उघडून, पूजा करून नऊला निघू. आरामात पोचतो.”

माझं स्पष्ट मत आहे की हा हिशोब चुकीचा आहे. आणि जो माणूस हा हिशोब असा करतो, तो धंद्यातल्या तारखाही बहुतेक असाच धरतो. म्हणून आज यावर लिहितोय.

पहिली गोष्ट. तिकिटावर पाच लिहिलंय ती बोटीची वेळ, तुमची नाही. चेक-इन त्याच्या बरंच आधी बंद होतं. किती आधी, ते तुमच्या बुकिंगच्या कागदावर लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच कोणी वाचत नाही. हे आधी बंद करण्यामागे कारण आहे. सामान तपासायचं असतं, ओळखपत्रं बघायची असतात, बोटीवर कोण कोण आहे याची यादी पक्की करायची असते. अमेरिकेत तर बोट सुटण्याच्या किमान ६० मिनिटं आधी प्रवाशांची यादी सरकारकडे गेलीच पाहिजे असा नियम आहे. शिवाय मुंबई बंदरातून मोठं जहाज बाहेर काढायला बंदराचा पायलट घ्यावाच लागतो, ओढायला टग लागतात. त्यांच्या वेळा ठरलेल्या असतात. एसटीच्या कंडक्टरला “दोन मिनिटं थांबा हो, ह्या येतायत” म्हणता येतं. इथे ते कोणाला म्हणणार?

दुसरी गोष्ट म्हणजे रस्ता. आपण ‘साधारण किती वेळ लागतो’ यावर निघायची वेळ ठरवतो. खरं तर विचारायला पाहिजे, ‘वाईट दिवशी किती लागतो?’

आपला रस्ता डोळ्यासमोर आणा. गळीत हंगाम चालू असेल तर संत तुकाराम कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. सकाळी नऊ म्हणजे हिंजवडीच्या कंपन्यांची गर्दी. मग किवळ्याहून द्रुतगती मार्ग आणि पुढे बोरघाट. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून शेवटचा टप्पा खूप सोपा झालाय. सेतूवरून शिवडीला उतरायचं, तिथून ईस्टर्न फ्रीवेने ऑरेंज गेट, आणि पुढे बॅलार्ड पिअर जवळच. पण सेतूने घाटाचा प्रश्न सुटत नाही. घाट सेतूच्या अलीकडे आहे.

जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळली आणि द्रुतगती मार्ग बंद पडला. तुम्ही म्हणाल, पावसाळ्यात मुंबईहून क्रूझ कुठे असतात? बरोबर. क्रूझचा मोसम मुख्यतः पाऊस संपल्यावरचा. पण टँकरला मोसम नसतो. १३ जून २०२३ ला लोणावळ्याजवळ कुणे पुलावर टँकर पेटला, चार जणांचा जीव गेला आणि वाहतूक कित्येक तास अडकली. तो दिवस मंगळवार होता. ना शनिवार-रविवार, ना जोडून सुट्टी. म्हणजे “आपण आडवारी जातोय, काही होत नाही” हा भरवसाही अर्धाच.

आता काही जण दुसऱ्या टोकाला जातात. पहाटे तीनला निघून सात वाजता बंदराच्या दारात बॅगा घेऊन हजर! त्याचाही उपयोग नाही. त्याच बोटीतून आदल्या फेरीचे प्रवासी सकाळी उतरत असतात. खोल्या साफ व्हायच्या असतात, किराणा-भाजीपाला चढायचा असतो. चेक-इनचे स्लॉट ठरलेले असतात आणि त्याआधी तुम्हाला आत घेतलं जाईलच असं नाही. लेकराबाळांना घेऊन चार-पाच तास बॅगांवर बसायचं, एवढंच हातात येतं. ऊस उत्पादकाला हे वेगळं सांगायला नको. तोडलेला ऊस नंबर यायच्या आधीच यार्डात उभा राहिला तर तिथेच वाळतो आणि वजन घटतं.

म्हणून इथे प्रश्न एक नाही, दोन आहेत. मुंबईत कधी पोचायचं, हा एक. बंदरावर कधी पोचायचं, हा दुसरा. माझं उत्तर: मुंबईत आदल्या रात्री, बंदरावर आपल्या स्लॉटला. घाट, ट्रॉली, टँकर हे सगळे धोके आदल्या दिवशी मागे टाकायचे. मग दुसऱ्या दिवशी उरतो फक्त टॅक्सीचा थोडा प्रवास. समजा आदल्या संध्याकाळी रस्ता बंदच पडला, तरी हातात अख्खी सकाळ राहते. चिंचवडला सिंहगड एक्सप्रेस थांबते. पुण्याहून डेक्कन क्वीन सकाळी ७.१५ ला सुटते आणि १०.२५ ला सीएसएमटीला पोचते. तिथून बॅलार्ड पिअर हाकेच्या अंतरावर. नऊला घरून निघणाऱ्याकडे मात्र यातलं काहीच उरत नाही. त्याच्या दोन्ही गाड्या गेलेल्या असतात.

“पण सर, मुंबईत हॉटेलचा खर्च? आणि दुकान एक संध्याकाळ जास्त बंद?” प्रश्न योग्य आहे. आकडे मांडू. हे उदाहरणाचे आकडे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

दोघांचं तिकीट ५०,००० रुपये. लॉज ४,०००. एका संध्याकाळचा बुडालेला नफा २,०००. म्हणजे आदल्या रात्री जायचा खर्च ६,०००, तिकिटाच्या १२ टक्के. नुसत्या गणिताने बघितलं तर शंभरातल्या १२ वेळा बोट चुकत असेल तरच हा खर्च वसूल होतो. आणि खरं सांगायचं तर बोट इतक्या वेळा चुकत नाही. दहा जण नऊला निघाले तर बहुतेक सगळे पोचतील.

तरीही मी आदल्या रात्रीच जा म्हणतो. कारण तुम्ही शंभर वेळा जाणार नाही, एकदाच जाणार आहात. दुकानाचा आगीचा विमा आपण का काढतो? सरासरीने बघितलं तर हप्ता नुकसानीपेक्षा जास्तच असतो, नाहीतर विमा कंपनी चालली नसती. पण हप्ता आपण सोसू शकतो, आग सोसू शकत नाही. ज्याला ५०,००० गेल्याने फरक पडत नाही त्याने खुशाल नऊला निघावं. ज्याच्या घरातली माणसं वर्षभर त्या तीन दिवसांची वाट बघतायत, त्याने ६,००० चा हप्ता भरावा. लालबाग-परळला पाहुणे असतील तर हप्ता आणखी स्वस्त. एक पेढ्यांचा बॉक्स.

अगदीच जमत नसेल तर निदान पहाटे पाचला निघा, आणि जोडून सुट्टी असेल तर हा पर्यायही धरू नका. “बोट चुकली तर गोव्याला जाऊन गाठू” हा तर बेतच नव्हे. मधल्या बंदरावर चढायला कंपनीची परवानगी लागते, आणि ती मिळेलच असं नाही.

आता धंद्याकडे या. न्हावाशेवाला कंटेनर पाठवणाऱ्याला जहाज कधी सुटतं यापेक्षा ‘कट-ऑफ’ कधी आहे हे जास्त महत्त्वाचं असतं. कट-ऑफ चुकला की माल पुढच्या जहाजाला. फार आधी नेला तर ठेवण्याचं भाडं चढतं. म्हणून जाणता निर्यातदार माल कारखान्यात आधी तयार ठेवतो आणि गेटवर वेळेत नेतो. आपल्या शेजारच्या मावळात पॉलिहाउसवाले शेतकरी व्हॅलेंटाइनचा गुलाब १४ फेब्रुवारीला धरून काढत नाहीत. परदेशी जाणाऱ्या मालाची त्यांची धावपळ जानेवारीच्या शेवटीच सुरू होते. आणि आपण? जीएसटी रिटर्नला शेवटच्या रात्री बसतो, टेंडर शेवटच्या तासाला अपलोड करतो, लग्नाची ऑर्डर लग्नाच्या सकाळी भरतो. साइट अडकली, लाइट गेली, टेम्पो पंक्चर झाला की दोष नशिबाला.

तेव्हा आज एक काम करा. तुमच्या समोर जी कुठली मोठी तारीख असेल, क्रूझ असो की पहिली मोठी ऑर्डर, तिच्यासाठी कागदावर तीन वेळा लिहा. एक, दार बंद कधी होतं. दोन, मी दारात कधी असणार. तीन, मी दाराच्या जवळ, सगळे धोके मागे टाकून, कधी असणार. पहिली वेळ समोरच्याच्या हातात आहे. दुसरी त्याने दिलेल्या स्लॉटने ठरते. तिसरी सर्वस्वी तुमची, आणि पैसे खर्च करायचे तर तिथे करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत ते बुकिंगचं पत्र उघडा आणि चेक-इन कधी बंद होतं ते आधी वाचा.