न्हाणीघरातील अग्नी

आमच्या गुलमंडीतील वाड्याने गेल्या साठ वर्षांत स्नानाच्या पाण्याखाली तीन अग्नी पाहिले. पहिला बंबातील कोळशाचा, दुसरा स्टोव्हवरील राकेलाचा आणि तिसरा हल्लीचा, गॅसचा. पहिले दोन घरभर धूर करीत, डोळ्यांस पाणी आणीत. तिसरा मात्र मोठा सभ्य. या सभ्य अग्नीने गेल्या पौषात आमच्या घरी जो प्रसंग आणला तो वाचकांपुढे मांडणे आम्हांस कर्तव्य वाटते. आठदहा वर्षे वापरलेला गीझर ज्यांच्या न्हाणीत आहे अशी कुटुंबे आमच्या वाचकवर्गात थोडीथोडकी नसावीत, आणि थंडीचा वारा लागतो म्हणून तेथील झरोका बुजविणारे गृहस्थही आम्ही एकटेच नसू.

प्रथम बंबाविषयी दोन शब्द लिहावेसे वाटतात, कारण पुढील सर्व उलगडा त्यातच आहे. आमच्या लहानपणी, म्हणजे १९६५च्या सुमारास, आमच्या पडवीत तांब्याचा एक थोरला बंब असे. मधोमध जाळाची नळी, तिच्याभोवती पाणी, तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडावयास जागा. पहाटे तो पेटविण्याचा अधिकार आमच्या आजीचा. बंब धुमसू लागला म्हणजे आम्ही मुले आणखी लाकडे कोंबावयास धावत असू, आणि आजी आमच्या हातावर चापट मारीत असे. ती आधी खाली वाकून जाळीखालची राख ओढून काढी, मग वर नळीच्या तोंडाशी काजळी साचली आहे काय ते पाही, आणि इतके झाल्यावरच लाकूड ओले आहे की वाळलेले याचा विचार करी. “त्याचा श्वास कोंडलाय रे, त्याला भूक नाही लागलेली,” असे ती म्हणे. आजीस अक्षरओळख बेताचीच होती. परंतु ज्वलनास जळणाइतकीच हवा लागते, आणि हवेला खालून आत येण्यास व वरून बाहेर जाण्यास अशा दोन्ही वाटा लागतात, हे शास्त्र तिच्या हातात होते. शिवाय बंब न्हाणीत कधीच नसे. तो बाहेर, उघड्या पडवीत असे. गरम पाणी तेवढे बादलीने आत जाई.

बंबानंतर काही वर्षे स्टोव्ह आला. त्याच्या पिना, वॉशर आणि पंप मारून दुखणारे मनगट यांची हकीकत आमच्या वयाच्या वाचकांस सांगावयास नको.

गीझर घेतला तो चिरंजीवांच्या लग्नाच्या वर्षी. पहिली सहासात वर्षे त्याने तक्रारीस जागा दिली नाही. मग त्याची ज्योत, जी निळी व आखूड असे, ती पिवळी, लांब आणि चंचल दिसू लागली. पेटताना ‘भप्प’ असा आवाज होई. कारागीर आला, त्याने बर्नर काढून ब्रशाने झाडला, ज्योत निळी करून दाखविली आणि आपले पैसे घेऊन गेला. पंधरा दिवसांत ज्योत पुन्हा पिवळी. तो पुन्हा आला व पुन्हा तेच करून गेला. आम्ही म्हटले, यंत्र जुने झाले, आता त्याची प्रकृती अशीच चालावयाची. त्याच सुमारास थंडी वाढली, आणि न्हाणीच्या झरोक्यातून पाठीवर वारा येतो म्हणून आम्ही स्वतः तेथे एक फळी ठोकून बसविली. तो हातोडा आमच्या हातात होता, हे येथे स्पष्ट सांगितलेले बरे.

आमच्या घरी सकाळी शाळा-कचेरीच्या माणसांची स्नाने आधी होतात आणि सूनबाईंची पाळी शेवटी येते. तोवर गीझर जवळजवळ तासभर राबलेला असे. पौषातील पहिल्या आठवड्यात सूनबाई दोनतीनदा म्हणाल्या, की नाहून आले की डोके जड होते, मळमळते. घरात वैद्यकी करणारांची वाण नसते. सौभाग्यवतींनी पित्त ठरविले, आम्ही उपासतापास कारण ठरविले, आणि चिरंजीवांनी करोनाच्या साथीत घेतलेले ते बोटावर लावावयाचे यंत्र लावून पाहिले. त्यात अठ्ठ्याण्णव आकडा आला आणि सर्वांचे समाधान झाले. शनिवारी त्यांना डोक्यावरून नाहावयाचे होते, म्हणून स्नानास वेळ लागला. आतून बादली कलंडल्याचा आवाज आला आणि हाकेस उत्तर येईना. कडी जुनी होती म्हणून दार दोन धक्क्यांत उघडले. त्या भिंतीशी टेकून बसल्या होत्या. डोळे अर्धे मिटलेले, शुद्ध पुरती नाही. अंगावर लुगडे टाकून त्यांना चौकात आणले, तेथून रुग्णालयात नेले. तेथे प्राणवायू दिल्यावर तिसऱ्या प्रहरी त्या नीट बोलू लागल्या. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “न्हाणीत गॅसचा गीझर आहे काय?”

त्या सायंकाळी आमचे एक जुने विद्यार्थी, जे आता यंत्रविद्येत प्रवीण आहेत, समाचारास आले. त्यांनी गीझरकडे पाहण्यापूर्वी वर भिंतीकडे पाहिले आणि विचारले, “गुरुजी, इथे झरोका होता ना?” आम्ही काय उत्तर देणार! मग त्यांनी गीझरचे झाकण उतरविले. बर्नरच्या वर, पाण्याच्या नळीभोवती तांब्याचे पातळ पत्रे दाटीने बसविलेले असतात. जळलेला वायू त्यांच्या फटींतून वर जातो व आपली उष्णता पाण्यास देतो. त्या फटी काजळीने अशा भरल्या होत्या की पलीकडचा उजेड दिसेना. कारागिराने दोन्ही वेळा खालचा बर्नर झाडला होता. वरची वाट कोणी पाहिलीच नव्हती. वर वाट नाही म्हणून खालून हवा ओढली जाईना. हवा अपुरी म्हणून ज्योत पिवळी. पिवळ्या ज्योतीची काजळी पुन्हा त्याच फटींत! आजीने बंबाचे जे निदान दोन क्षणांत केले असते ते आम्हांस दोन महिन्यांत सुचले नाही.

आता थोडे गणित, कारण आम्ही मास्तर आहोत. मिनिटास सहा लिटर पाणी तापविणारा गीझर ताशी सुमारे एक किलो गॅस जाळतो, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीच्या एका बर्नरच्या पाचसहा पट. एक किलो गॅस पुरता जळावयास साडेचारशे घनफुटांच्या आसपास हवा लागते. आमची न्हाणी पाच फूट लांब, पाच फूट रुंद व आठ फूट उंच, म्हणजे दोनशे घनफूट. दहा मिनिटांच्या एका स्नानात तिच्यातील तिसऱ्या हिश्श्याइतकी हवा तो अग्नी खातो. दार बंद, झरोक्यास फळी आणि स्नाने एकामागून एक. जी व्यक्ती सर्वांच्या शेवटी आत जाते तिच्या वाट्यास कोणती हवा उरत असेल, याचा हिशेब वाचकांनी करावा.

हवा अपुरी पडली म्हणजे गॅसचे अर्धवट ज्वलन होऊन कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्यास रंग नाही, वास नाही. सिलिंडरातील गॅस गळला तर मुद्दाम मिसळलेल्या उग्र द्रव्यामुळे नाकास कळतो. हा मात्र कळत नाही. रक्तातील लाल द्रव्यास तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि बोटावरील ते यंत्र या चिकटलेल्या विषासही प्राणवायूच समजून चांगला आकडा दाखविते. आमचे अठ्ठ्याण्णव या जातीचे होते.

येथे तर्कसंग्रहाची आठवण होते. धूर दिसला की तेथे अग्नी आहे, हे अनुमान अन्नंभट्टांनी स्वयंपाकघराच्या दृष्टांताने शिकविले. परंतु उलट, अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे म्हणता येत नाही. ओल्या जळणाचा संबंध असेल तरच धूर, नाहीतर तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नाही. हे आम्ही पाठ केले, परीक्षेत लिहिले, आणि साठी उलटल्यावर न्हाणीत धूर नाही म्हणून धोका नाही असे मानून बसलो.

गीझरची सर्व दुखणी इतकी भयंकर नसतात, हेही सांगितले पाहिजे. तोटी सोडल्यावर ‘टकटक’ मुळीच ऐकू आली नाही तर बहुधा आतले दीड व्होल्टचे दोन सेल उतरलेले असतात, नाहीतर पाण्यास जोर नसतो. टाकी गीझरच्या डोक्यावर निदान आठदहा फूट असावी; जुन्या वाड्यांत ती पुष्कळदा माळवदावरच टेकलेली असते. पाण्याच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, तीही गाळाने भरते. आमच्याकडील काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी जड असल्यामुळे नळीत क्षारांचे पूट चढून धार बारीक होते आणि गीझर पेटावयाचे नाकारतो. ठिणगी पडते पण ज्योत नाही, तर सिलिंडर व रेग्युलेटर पाहावा. ज्योत पेटून चारदोन क्षणांत विझते, तर ज्योतीची चाहूल घेणारी काडी काजळलेली किंवा सरकलेली असते. ही कामे हुशार कारागिराची आहेत. यजमानांनी वाती-सुया घेऊन बर्नरची छिद्रे कोरू नयेत, ती मोठी झाली तर नवा उपद्रव. रबरी नळी मात्र पाच वर्षांनी न चुकता बदलावी आणि गळती पाहावयाची ती साबणाच्या पाण्याने, काडी ओढून नव्हे.

परंतु ‘भप्प’ असा आवाज आणि पिवळी ज्योत ही दोन लक्षणे दिसली तर गीझर त्या दिवसापासून बंद ठेवावा. आधी पाणी चुलीवर तापवावे. फार तर स्नानास उशीर होईल. कारागीर आला म्हणजे त्यास बर्नरबरोबर वरचे पत्रेही उतरवून धुवावयास सांगावे आणि आपण समोर उभे राहावे. इंग्लंडात घरभर ऊब देणारे गॅसचे बॉयलर असतात. तेथे घर भाड्याने देणाराने गॅसची उपकरणे दर वर्षी तपासून घेतलीच पाहिजेत असा नियम आहे. आमच्याकडे वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रपूजेच्या निमित्ताने का होईना, ही तपासणी करावयास कोणाची हरकत नसावी.

आमच्या घरचा जुना गीझर मोडीत गेला. नवा न्हाणीबाहेर पडवीत लावला आहे, नेमका जेथे बंब असे तेथे. भिंतीस भोक पाडून नळी तेवढी आत घेतली. झरोक्याची फळी आम्ही त्याच रात्री उपटली. स्नानाचा क्रमही बदलला असून सूनबाई आता प्रथम नाहतात. दार मात्र त्या अजून कडी न लावता नुसते लोटून घेतात, आणि बाहेर कोणीतरी बसावे असा त्यांचा आग्रह असतो. तेथे वर्तमानपत्र घेऊन आम्ही बसतो.