समुद्राचे पंचांग आणि आपली रजा

आमच्या घरात वर्षातून एकदा तरी कडाक्याचे भांडण होते आणि ते समुद्रावरून होते. घर कॉटन ग्रीनला, स्टेशनापासून पाच मिनिटांवर. नकाशात पाहिले तर समुद्र अगदी उशाशी. प्रत्यक्षात मध्ये रेल्वेचे रूळ, वखारी, बंदराच्या भिंती आणि त्यापलीकडे शिवडीचा चिखल. तो चिखल दर हिवाळ्यात येणाऱ्या फ्लेमिंगोंना मानवतो. आपल्या पोरांना मात्र त्यात किल्ला बांधता येत नाही. तेव्हा वाळूचा समुद्र पाहायचा तर कोकण गाठावे लागते. आणि कोकणात जायचे कधी, इथेच वादाला तोंड फुटते.

मुलगा म्हणतो डिसेंबरची अखेर, कारण त्याच्या ऑफिसात तेव्हा काम मंदावते. सून म्हणते मे, कारण पोरांना सुट्टी. नातू म्हणतो जुलै, कारण मोबाइलवर त्याने उंच उसळणाऱ्या लाटा पाहिल्या आहेत. माझी आई सत्त्याऐंशी वर्षांची. ती कोपऱ्यात बसून सगळे ऐकते आणि शेवटी एवढेच म्हणते, ‘‘माका माघातलो दर्यो बघूचो आसा.’’

अनेक वर्षे आम्ही हे हसण्यावारी नेले. माघात परीक्षा जवळ आलेल्या असतात, रजा शिल्लक नसते, घरातले एखादे लग्न ठरलेले असते. पण एकदा मी तिला विचारले की माघच का? ती म्हणाली, ‘‘लगीन होवन मुंबयत इलंय, तेच्यानंतर तो माका बघूक गावलो नाय.’’ मी मनाशी हिशेब केला. तिचे लग्न १९५७ सालचे. आचऱ्याच्या किनाऱ्यावर वाढलेली ही बाई त्यानंतर माहेरी गेली ती दर खेपेला मे महिन्यात. म्हणजे इतकी वर्षे आम्ही तिला समुद्रावर नेत होतो आणि तरी तिचा समुद्र तिला भेटत नव्हता.

याचे कारण आमच्या पत्त्यातच आहे. माझे वडील इथल्याच एका कापसाच्या वखारीत कारकून होते. कापसाचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. विदर्भ-खानदेशातून, गुजरातेतून गासड्या येऊ लागत आणि मार्चपर्यंत वखारीत मान वर करायला फुरसत नसे. समुद्र शांत, निळा आणि उबदार असतो तो नेमका याच महिन्यांत. आवक ओसरली की रजा मंजूर होई, तोवर मे उजाडलेला असे. गिरण्यांत आणि गोदीत काम करणाऱ्या लालबाग-परळच्या कोकणी कुटुंबांची कथा फारशी वेगळी नव्हती. मेमध्ये आणि गणपतीत गावी जायचे, ही रीत समुद्राने घालून दिलेली नव्हती. शाळेने, सणाने आणि मालकाने ती ठरवून दिली होती. पुढे आपण ती परंपरा समजून बसलो.

मे महिन्याविरुद्ध माझे काही भांडण नाही. आंबा, फणस, करवंदे, अंगणात वाळत पडलेली साठे, भरलेले घर हे सारे मेमध्येच. पण ती मजा गावाची आहे, समुद्राची नव्हे. सकाळी दहानंतर वाळूवर पाय ठेवता येत नाही. अंगाची चिकचिक होते. दिवस सरत जातात तसा वारा नैऋत्येकडून जोर धरतो आणि लाटांचा आवाज बदलतो. शिवाय धो धो पावसाच्या या कोकणात मे महिन्यात कित्येक विहिरी तळ गाठतात. ज्या घरची बाई हंडाभर पाण्यासाठी वाट तुडवते, त्याच गावात आपण समुद्रस्नान करून येऊन बादल्या भरभरून अंगावरचे खारे पाणी धुतो. पाहुण्याने याचा थोडा विचार करायला हवा.

मेअखेरीची एक आठवण माझ्याजवळ आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. वडिलांना रजा मिळाली ती अगदी शेवटच्या आठवड्यात. तेव्हा कोकणात जायचे ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने, आणि पावसाळ्यात ही बोट बंद असे. आमची फेरी हंगामातल्या अखेरच्या काही फेऱ्यांपैकी. रात्रभर सगळ्यांना बोट लागली. सकाळी मालवणला बोट बंदराबाहेर उभी राहिली आणि किनाऱ्यावर नेण्यासाठी पडाव आला. पडाव एकदा बोटीच्या कठड्यापर्यंत वर येई आणि दुसऱ्या क्षणी पुरुषभर खाली जाई. आईच्या कडेवर धाकटा भाऊ होता. खलाश्याने हात पुढे केला, आईने पाऊल टाकले आणि पडाव खाली गेला. कोणीतरी तिचा दंड धरला, कोणीतरी भावाला झेलले. आमची वळकटी समुद्रात गेली, ती गेलीच. आई त्यावर कधी फारसे बोलली नाही. पण पुढे वडिलांनी मेअखेरची रजा आणली की ती गप्प होई. त्या गप्प होण्याचा अर्थ मला पन्नाशी उलटल्यावर लागला.

पावसाळ्यातला समुद्र लांबून पाहावा, त्यात उतरू नये. मुंबईकराला हे सांगायला नको होते. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन आषाढी अवसेच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. गिरगाव-परळच्या चाळींतून कित्येक वर्षे ही गोष्ट सांगितली जात असे. मासेमारीलाही जून-जुलैमध्ये बंदी असते. ज्यांचे पोट समुद्रावर आहे ते होड्या वर ओढून ठेवतात आणि आपण मात्र शनिवार-रविवार गाठून लाटांत फोटो काढायला जातो. यात आणखी एक गोष्ट आहे. पावसाळी लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात. पुळण अरुंद होते, पाण्याखाली खड्डे पडतात. गेल्या खेपेला गुडघाभर पाणी होते त्या जागी डोक्यावर पाणी असू शकते. थंडीतल्या संथ लाटा हीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. म्हणून ऑगस्टमध्ये चिंचोळी दिसणारी पुळण माघात ऐसपैस होते.

नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहतात आणि हंगाम सुरू होतो. पण तो त्यांचा, आपला नव्हे. त्यानंतर येते दिवाळीची सुट्टी. दिवस सुंदर, डोंगर अजून हिरवे, ओढ्यांना पाणी. मात्र एक लक्षात ठेवायला हवे. अरबी समुद्रातली वादळे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, अशा दोन खेपांना येतात. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. ‘फयान’ वादळ कोकणावर आले तेही ११ नोव्हेंबरलाच, २००९ साली. तारखेचा हा योगायोग म्हणायचा, महिन्याचा नव्हे. दुसऱ्या खेपेचे दाखले ताजे आहेत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यावर आदळले, श्रीवर्धन-मुरुडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. २०२१ च्या मेमध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याला घासून गुजरातेत गेले. आणि २०२५ साली पावसाने २६ मे रोजीच मुंबई गाठली. इतक्या लवकर तो इथे आल्याची नोंद नव्हती. ‘जूनच्या सात तारखेपर्यंत काही बघायला नको’ हे आपल्या वडीलधाऱ्यांचे गणित आता मेअखेरीसाठी चालत नाही.

डिसेंबरची अखेर हवेच्या दृष्टीने उत्तमच. पण तेव्हा तारकर्लीला आणि अलिबागला जाऊन माणूस समुद्र पाहत नाही, दुसऱ्या माणसांच्या पाठी पाहतो. खोल्यांचे भाव चढलेले, रस्ते तुंबलेले, माशांच्या ताटाला रांग. पैसे भरपूर आणि दिवस मोजके असतील त्यांनी जावे.

मग उरतो तो संक्रांतीपासून शिमग्यापर्यंतचा काळ. माझ्या मते कोकणच्या समुद्राचा खरा मोसम हाच. पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटलेला असतो आणि पाणी ताटात ओतल्यासारखे सपाट असते. दुपारनंतर खारा वारा येतो तो उकाडा घालवायला. पाणी इतके नितळ की मालवणकडे समुद्राचा तळ पाहायला जाणाऱ्यांनीही हेच दिवस निवडावेत. आंब्याला मोहोर आलेला असतो, काजूची बोंडे लागू लागतात. मंडणगड तालुक्यात वेळासच्या किनाऱ्यावर साधारण फेब्रुवारी-मार्चपासून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले घरट्यांतून निघून समुद्राकडे धावतात. गावकऱ्यांनी राखलेल्या अंड्यांतून निघालेले ते मूठभर जीव पाहिलेले मूल ती सहल विसरत नाही.

उन्हाळा म्हणजे समुद्र, हे समीकरण आपल्याकडे आले ते थंड देशांतल्या चित्रांतून आणि सिनेमांतून. तिकडे जुलै-ऑगस्टमध्येच पाणी अंगाला सोसते, म्हणून तिथले लोक उन्हाळ्यात किनारे गाठतात. पण त्याच देशातले साहेब इथे राज्य करत होते तेव्हा मे महिन्यात वाळूवर पसरले नाहीत. ते महाबळेश्वरला आणि माथेरानला गेले. त्यांनी इथला ऋतू ओळखला. आपण इथले असून उसनी चित्रे पाहून सुट्ट्या ठरवतो.

तरीही नुसता महिना निवडून भागत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. ना पाऊस, ना वादळ. मी ज्याला उत्तम म्हणतो तोच महिना. म्हणून महिन्यानंतर तिथी पाहायची. आमचे जुने लोक भरतीची वेळ तोंडी काढत: तिथीला तीनने गुणायचे, चाराने भागायचे. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार सहा. म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला भरती मध्यान्हीच्या आसपास, आणि ते उधाण. पाणी जास्त चढते, जास्त उतरते आणि उतरताना ओढ मोठी. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो. पाण्याची चढउतार थोडी, ओढही कमी. हा हिशेब अंदाजाचा आहे, गावोगाव थोडा फरक पडतो. म्हणून किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारल्यावाचून पाण्यात उतरायचे नाही, आणि तो ‘नको’ म्हणाला तर हुज्जत घालायची नाही.

गेल्या माघात आम्ही गेलो. २६ जानेवारीला जोडून नातवाची दोन दिवस शाळा बुडवली. सुनेने बाईंना चिठ्ठीत खरे कारण लिहिले, की पणजीला समुद्र दाखवायचा आहे. बाईंनी रजा तर दिलीच, वर परत आल्यावर वर्गाला सांगायला लावले. कोकण रेल्वेने कणकवली, तिथून गाडीने आचरा. दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागल्यावर आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून ओल्या वाळूपर्यंत नेले. थोड्या अंतरावर रापण ओढली जात होती. आईने चपला काढायला लावल्या. पाण्याची एक पातळ घडी येऊन तिच्या पावलांवरून परत गेली. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, ‘‘ह्योच तो.’’ मग नातवाला जवळ बोलावून त्याला रापणीतल्या माशांची नावे सांगू लागली. त्यातली निम्मी मलाही ठाऊक नव्हती.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे. ज्यांना रजा मालक देतो त्यांनी मिळेल तेव्हा जावे. माझ्या वडिलांनी तेच केले आणि त्यांना दोष देणारा मी कोण? पण आज आपल्यापैकी पुष्कळांना चार दिवस पुढेमागे करता येतात. काही निवृत्त आहेत, काहींची मुले मोठी झाली आहेत. शाळांनीही वर्षातून दोन दिवस अशी चिठ्ठी मानायला हरकत नाही. भरती-ओहोटीचा धडा फळ्यापेक्षा पुळणीवर लवकर कळतो. तिकिटे काढण्याआधी भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढा, माघ-फाल्गुनातली अष्टमी शोधा आणि तिच्या आगेमागे रजेचा अर्ज करा. आणि घरात कोणी म्हातारे माणूस असेल, तर आधी त्याला विचारा की त्याला कोणत्या महिन्यातला समुद्र पाहायचा आहे.