‘जुना झालाय’ हे निदान नाही

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कोणतं असेल, तर ते ‘मशीन जुनं झालंय’. हे ऐकलं की गिऱ्हाईक गप्प होतं. वय झालं म्हटल्यावर कोण काय बोलणार? पण गुडघेदुखीला ‘वय झालं’ म्हणणारा डॉक्टरसुद्धा आधी एक्स-रे काढतो. इथे पेन ड्राइव्ह लावला, इन्स्टॉलेशन अर्ध्यात अडकलं, परत लावला, परत अडकलं, झाला निकाल. नवीन घ्या.

मला या वाक्याचा राग येतो, आणि तो फक्त दुकानदारांवर नाही. माझ्यासारखे इंजिनिअर हेच बोलतात, फक्त जरा जास्त आत्मविश्वासाने. आम्ही दिवसभर कुठल्यातरी लांबच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरचे लॉग ओळ न् ओळ वाचतो. तो दहा मिनिटं बंद पडला तर का पडला याचा चार पानी अहवाल लिहितो. आणि संध्याकाळी घरचा कुणी फोन करून म्हणाला की विंडोज टाकताना एरर येतेय, तर एका वाक्यात मोकळे होतो: “फेकून दे रे तो डबा.”

‘जुना’ या शब्दात तीन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. एक तर आत काहीतरी मोडलेलं असतं. किंवा नवीन सिस्टिम त्या मशीनला खरोखरच पेलत नसते. किंवा पेलत असते, पण कुणीतरी कुठेतरी बसून ठरवलेलं असतं की या मशीनला आत घ्यायचं नाही. या तिन्हींवरचे उपाय वेगळे, खर्च वेगळे, आणि दोषी पण वेगळे. पण एकच शब्द वापरला की हिशेब कुणालाच द्यावा लागत नाही.

मोडलेल्याचं उदाहरण घरचंच आहे. इचलकरंजीला माझा मावसभाऊ डिप्लोमा करतो. त्याच्याकडे २०१६ चा लॅपटॉप आहे, सहाव्या पिढीचा आय-थ्री. दुकानात तीनदा विंडोज १० टाकून पाहिलं, तीनदा फेल. स्क्रीनवर दरवेळी तोच मजकूर: लागणाऱ्या फायली करप्ट आहेत किंवा सापडत नाहीत. खाली शून्य-एक्सने सुरू होणारा तो लांबलचक आकडा. दुकानदार म्हणाला, बोर्ड जुना झालाय, चाळीस हजारांत चांगला नवीन येईल. मावशीच्या घरात चाळीस हजार म्हणजे काय, हे मी इथे सांगत बसत नाही.

मी भावाला फोनवर एकच विचारलं, “तिन्ही वेळा एकाच टक्क्याला थांबलं का?” तो म्हणाला, “नाही ताई, एकदा बावीसला, एकदा साठच्या पुढे, एकदा लगेचच.” आणि तोच पेन ड्राइव्ह त्याच दिवशी दुसऱ्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालला होता. म्हणजे फायली ठीक होत्या. मग करप्ट कुठे होत होत्या?

इथे जरा थांबते, कारण गंमत इथेच आहे. इन्स्टॉलर पेन ड्राइव्हवरची दाबून भरलेली फाइल वाचतो, रॅममध्ये आणतो, उलगडतो आणि डिस्कवर लिहितो. उलगडताना बेरीज जुळते का ते तपासतो. रॅमच्या अब्जावधी खणांपैकी एक खण खोटं बोलत असेल, तर बेरीज चुकते. इन्स्टॉलर बिचारा म्हणतो, फाइल खराब आहे. त्याला एवढंच कळतं. रोजच्या वापरात हाच खण वाईट निघाला तर कधीतरी ब्राउझर बंद पडतो, आपण चिडून परत उघडतो आणि विसरतो. इन्स्टॉलेशनमध्ये मात्र कित्येक जीबी माल एका दमात त्याच खणांमधून जातो आणि प्रत्येक गठ्ठा मोजला जातो. दरवेळी वेगळ्या ठिकाणी थांबणं म्हणजे रॅमवर संशय. दरवेळी एकाच ठिकाणी थांबलं असतं तर मी पेन ड्राइव्ह नव्याने बनवायला सांगितलं असतं. हळूहळू होत होत गोठलं असतं तर हार्ड डिस्क तपासायला लावली असती. हे काही ब्रह्मवाक्य नाही, पण सुरुवात करायला पुरतं.

भावाने मागचं झाकण उघडलं. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. आधी दोन्हींच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या (हसू नका, निम्म्या वेळा यानेच काम होतं). मग एकेक पट्टी लावून रात्रभर मेमटेस्ट चालवला. एक स्वच्छ, दुसरीवर लाल ओळींचा पाऊस. खराब पट्टी काढली, इन्स्टॉलेशन पहिल्या फटक्यात पूर्ण. नंतर लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेली पट्टी काही शे रुपयांत पाठवून दिली. बोर्ड जुना होता, हे खरंच होतं. त्याचा या बिघाडाशी काही संबंध नव्हता, एवढंच.

असंच एका मैत्रिणीच्या डेस्कटॉपचं. लिनक्स टाकताना नेटवरून काहीही उतरत नव्हतं, प्रत्येक सर्टिफिकेट ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारलं जात होतं. मदरबोर्डवरचा बटणसेल संपला होता आणि मशीन स्वतःला २०१२ सालात समजत होतं. नवा सेल टाकला, तारीख लावली, संपलं.

आता न पेलणं. ते खरं असतं आणि ते मान्य करायला हवं. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीला प्रोसेसरमध्ये ‘पॉपकाउंट’ नावाची सूचना लागते. कोअर टू ड्युओच्या जमान्यातल्या चिपमध्ये ती नाहीच, त्यामुळे तिथे ही आवृत्ती सुरूच होत नाही. यावर भांडण नाही.

भांडण आहे ते तिसऱ्या प्रकाराशी. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. अटी: टीपीएम २.०, सिक्युअर बूट, आणि मोजके अपवाद सोडले तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची चिप. सातव्या पिढीचा लॅपटॉप, आठ जीबी रॅम, चांगली एसएसडी, तरीही स्क्रीनवर काय येतं? या पीसीवर विंडोज ११ चालू शकत नाही. ‘शकत नाही’! ‘आम्ही चालू देणार नाही’ असं लिहिलं असतं तर निदान प्रामाणिक झालं असतं. चालू शकतं याचा पुरावा मायक्रोसॉफ्टनेच दिला होता. तपासणी ओलांडायची रजिस्ट्रीतली नोंद २०२१ मध्ये त्यांच्याच मदतीच्या पानावर होती, ‘पुढे अपडेट मिळतील याची हमी नाही’ या इशाऱ्यासकट.

सुरक्षेचं कारण खोटं नाही. टीपीएममध्ये डिस्कच्या कुलपाच्या किल्ल्या सुरक्षित राहतात, सिक्युअर बूटमुळे सिस्टिमच्या आधी घुसणारा मालवेअर अडतो. माझा आक्षेप रेषेवर आहे. विंडोजच्या मेमरी-संरक्षणाचा भार हलका करणारी सोय इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आहे, तरी सातवी पिढी बाहेर. एएमडीमध्ये तशी सोय झेन २ पासून आली, पण त्याआधीच्या रायझन २००० मालिकेच्या चिप यादीत आत. आणि सातव्या पिढीतला कुठला लॅपटॉप प्रोसेसर आत घेतला? कोअर आय-सेव्हन ७८२०एचक्यू, तोही निवडक मशीनपुरता. हाच प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ मध्ये होता. बाकीच्यांनी यातून काय समजायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. कॅनालिस या संस्थेने २०२३ मध्ये अंदाज बांधला होता की यामुळे सुमारे २४ कोटी पीसी भंगारात जाऊ शकतात. त्यातले किती मोडलेले? दुकानात मात्र या सगळ्यांवर एकच चिठ्ठी लागणार: जुनं झालंय.

“मग लिनक्स टाका,” हे उत्तर मी देते, पण तोंड वर करून देत नाही. गावातल्या डीटीपीवाल्याचं वीस वर्षांचं काम श्रीलिपीत आहे आणि ते विंडोजवर आहे. एमएस-सीआयटी करून कॉम्प्युटर शिकलेल्या पिढीसाठी कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि ऑफिस. त्यांना “सोपं आहे, शिका” म्हणणं हा आमच्या जमातीचा जुना उर्मटपणा आहे. पण भावासारख्या मुलाला, ज्याला पायथन लिहायचंय, पीडीएफ वाचायच्यात आणि मराठीत टाइप करायचंय, त्याला लिनक्स मिंट पुरून उरतं. मिंट २२ ला किमान दोन जीबी रॅम लागते, चार असेल तर आरामात. लिनक्सवालेही मशीन सोडून देतात, हेही सांगायला हवं. डेबियन १३ ने ३२ बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलर बंद केला. पण तो निर्णय का, हे उघड चर्चेत वाचता येतं. स्क्रीनवर ‘शकत नाही’ लिहून कुणी पळ काढलेला नाही.

तुम्ही हे बहुतेक फोनवर वाचताय. त्या फोनवर दुसरी सिस्टिम टाकून पाहा. बऱ्याच फोनचा बूटलोडर कुलूपबंद असतो, अपडेट थांबले की थांबले. तिथे इन्स्टॉलेशन फेल व्हायचीसुद्धा संधी मिळत नाही. म्हणून घरात पडलेला जुना लॅपटॉप मला मोलाचा वाटतो. त्याचं झाकण उघडतं, पट्टी निघते, त्याला उलटतपासणीला उभं करता येतं.

इचलकरंजीला गेले तेव्हा त्या दुकानात जाऊन आले. मालक काही लबाड नव्हता. त्याने शांतपणे विचारलं, “मॅडम, फॉरमॅटचे लोक पाचशे देतात. रात्रभर टेस्ट लावायचे कोण देणार?” रास्त प्रश्न होता. मी म्हटलं, “दोनशे जास्त घ्या, पण पावतीवर लिहून द्या काय मोडलंय ते. काही मोडलं नसेल तर तेही लिहा.” तो म्हणाला, लोक दोनशेसाठी भांडतात. मी म्हटलं, चाळीस हजारांसमोर ठेवून विचारा. मेमटेस्टचा पेन ड्राइव्ह त्याच्याकडे ठेवून आले.