उमेदवारी परदेशात, सराव मात्र कोपरगावात

ऊस, साखर कारखाने आणि गोदावरीचे कालवे ही कोपरगाव तालुक्याची जुनी ओळख. १९८३ मध्ये शंकरराव कोल्हे यांच्या पुढाकाराने संजीवनी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि या ओळखीत अभियंत्यांची भर पडली. पदवीनंतर ऊस उत्पादकाच्या घरातील मुलाने वा मुलीने जर्मनी, अमेरिकेची वाट धरणे यात आता नवल उरलेले नाही. प्रवेश, व्हिसा आणि कर्ज यांची चर्चा घराघरांत होते. मात्र परदेशी पोहोचल्यानंतर वर्ष-दीड वर्षाने ज्या टप्प्यावर सारे गणित येऊन ठेपते, त्या कार्यालयीन उमेदवारीकडे, म्हणजे इंटर्नशिपकडे, क्वचितच कुणाचे लक्ष जाते.

हा टप्पा एवढा निर्णायक का, हे नियमांवरून कळते. अमेरिकेत २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात सुमारे ३ लाख ३१ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांपैकी ९७ हजारांहून अधिक जण पदवीनंतरच्या व्यावहारिक प्रशिक्षणावर काम करीत होते. या प्रशिक्षणाची मूळ मुदत बारा महिन्यांची. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी २४ महिने मिळू शकतात. मूळ मुदतीत एकूण ९० दिवसांहून अधिक काळ बेरोजगार राहिल्यास देशातील वास्तव्यच धोक्यात येते. ज्याने शिकत असताना एखाद्या कार्यालयात काम केले आहे, त्याला हे ९० दिवस पुरतात. इतरांना ते फार लवकर संपतात.

जर्मनीत भारतीय हा परदेशी विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा गट झाला आहे. २०२३-२४ मध्ये त्यांची संख्या ४९ हजारांच्या घरात होती. मार्च २०२४ पासून तेथे विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. अभ्यासक्रमात अनिवार्य असलेली इंटर्नशिप या मर्यादेत मोजली जात नाही, पण तिला किमान वेतनाचा कायदाही लागू होत नाही. म्हणजे २०२५ मध्ये किमान वेतन ताशी १२.८२ युरो असताना अशा उमेदवाराला त्याहून कितीतरी कमी मानधन देणे कायदेशीर होते. खर्चाचा अंदाज बांधताना कुटुंबाच्या नजरेतून निसटते ती नेमकी हीच बाब.

त्यात कर्जाचा भार. साडेसात लाख रुपयांपुढील शैक्षणिक कर्जाला बँका साधारणपणे तारण मागतात. शेतजमीन तारण घेण्यास बहुतेक बँका राजी नसतात, कारण थकबाकी वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू होत नाही. बारमाही पाण्याची दहा एकर जमीन असलेल्या बागायतदारालाही अखेर राहते घर किंवा बिनशेती प्लॉट पुढे करावा लागतो. अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभरात हप्ते सुरू होतात. कार्यालयात रुळण्यास विद्यार्थ्याला लागणारा प्रत्येक महिना या घरावर मोजला जातो.

आणि रुळणे सोपे नसते. तांत्रिक ज्ञानात ही मुले सहसा कमी पडत नाहीत. अडखळतात ती रीतिरिवाजांपाशी. वरिष्ठांनी काम सांगितले की समजले नसतानाही 'हो सर' म्हणायचे, ही सवय शाळेपासून अंगी मुरलेली असते. जर्मन वा अमेरिकी कार्यालयात शंका न विचारणारा उमेदवार आज्ञाधारक नव्हे, तर बेफिकीर ठरतो. काम मुदतीत होणार नसेल तर ते आदल्या दिवशी कळवावे, ही तिथली साधी अपेक्षा असते. आपल्याकडे मुदत उलटल्यावर दिलगिरी व्यक्त केली की भागते. बैठकीत मुद्दा खोडून काढणारा सहकारी थोड्याच वेळाने शेजारी बसून जेवतो, हे पचवायलाही काही आठवडे जातात. जर्मन भाषेतील 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद मराठी मुलांना उपजतच कळतो, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. मात्र साठीतला विभागप्रमुख 'मला तू म्हण' असे सांगतो, तेव्हा तीही उपयोगी पडत नाही.

सर्वांत मोठा घोटाळा होतो तो शेवटच्या दिवशी मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा. जर्मनीत या प्रमाणपत्रावर उमेदवाराचा कायदेशीर हक्क असतो आणि त्यातील मजकूर सौजन्याचाच असावा लागतो. त्यामुळे तिथे एक सांकेतिक भाषाच तयार झाली आहे. 'सदैव आमच्या संपूर्ण समाधानानुसार काम केले' म्हणजे उत्तम. नुसते 'आमच्या समाधानानुसार' म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. 'त्याने मनापासून प्रयत्न केले' हे वाक्य कोपरगावात कौतुक म्हणून वाचले जाईल. तिथला पुढचा मालक ते वाचून अर्ज बाजूला ठेवतो. बदल मागायचा तो वेळेवरच मागावा लागतो, आणि त्यासाठी हा संकेत आधी ठाऊक हवा.

ही सारी शिकवणूक परदेशात जाऊनच का व्हावी? अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीच्या काळात सुमारे ६०० ते ७०० तासांची इंटर्नशिप सुचविली आहे. पण ओळखीच्या ठिकाणाहून शिक्का मारून आणलेले पत्र जोडून हे तास भरल्याचे दाखविण्याची पळवाट राज्यभर सर्वांना ठाऊक आहे. पंतप्रधान इंटर्नशिप योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली खरी. तथापि सुरुवातीच्या नियमांनुसार पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांना तिचा लाभ मिळत नव्हता. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ मध्ये केलेल्या करारानंतर जर्मन भाषेच्या वर्गांची चर्चा झाली, परंतु तो करार प्रामुख्याने कुशल मनुष्यबळासाठी आहे. आणि भाषेचा वर्ग म्हणजे कार्यालय नव्हे.

वास्तविक कोपरगाव परिसरात खऱ्या कामाच्या जागांची वानवा नाही. सोमैया समूहाच्या साकरवाडी येथील प्रकल्पात उसापासूनच्या अल्कोहोलवर आधारित रसायने तयार होतात. हा प्रकल्प चालविणारी गोदावरी बायोरिफायनरीज ऑक्टोबर २०२४ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. गुणवत्ता तपासणी, निर्यातीची कागदपत्रे, परदेशी ग्राहकांशी पत्रव्यवहार ही अशा उद्योगातील रोजचीच कामे. तालुक्यात दोन मोठे सहकारी साखर कारखाने आहेत. काकडी येथे १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झालेला शिर्डी विमानतळ आहे. अशा ठिकाणी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला दोन महिने नेमून दिलेले काम, आठवड्याचा लेखी अहवाल आणि अखेरीस चुकांसह स्पष्ट मूल्यमापन मिळाले, तर परदेशातील पहिले सहा महिने बरेच सुसह्य होतील. हंगामात गाळप सुरू असताना विद्यार्थी पायात घोटाळतात, अशी कारखान्यांची तक्रार असू शकते आणि ती सर्वस्वी खोटीही नाही. मग हंगाम संपल्यावर, मे-जूनमध्ये, यंत्रसामग्रीच्या देखभालीच्या काळात हे काम आखता येईल. महाविद्यालयांच्या सुट्याही साधारण त्याच सुमारास असतात.