कुणाची 'कुना'?

नवे राष्ट्र जन्माला आले की त्याला आधी झेंडा, राष्ट्रगीत आणि चलन लागते. झेंड्याखाली माणूस वर्षातून दोनदा उभा राहतो. नोट मात्र रोज हाताळतो. आयुष्य बँकेत गेल्यामुळे असेल, पण युगोस्लाव्हिया फुटल्याची कहाणी वाचताना माझे लक्ष रणगाड्यांपेक्षा क्रोएशियाच्या पैशाकडेच जाते.

हा देश १९९१ साली स्वतंत्र झाला. ३० मे १९९४ पासून त्याने हजार दिनारांच्या बदल्यात एक 'कुना' द्यायला सुरुवात केली. कुना म्हणजे मुंगसाच्या बांध्याचा, दाट केसांचा एक प्राणी. मध्ययुगात तिकडे त्याची कातडी देऊन सारा भरत, म्हणून हे नाव, असे सरकार म्हणाले. ते खरेच होते. पण १९४१ ते १९४५ या काळात हिटलरच्या आश्रयाने राज्य करणाऱ्या उस्ताशांच्या नोटांवरही हेच नाव होते. त्यांच्या यासेनोवाच छावणीत मारल्या गेलेल्यांपैकी ८३,१४५ जणांची नावे तिथल्या स्मारकाने नोंदवली आहेत. त्यांत सर्वाधिक सर्ब. शिवाय ज्यू, रोमा आणि उस्ताशांना विरोध करणारे क्रोएटही.

अध्यक्ष फ्रान्यो तुजमान स्वतः इतिहासकार, तरुणपणी टिटोच्या बाजूने लढलेले. त्यांना हे ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? टिटोच्या राजवटीने बंधुतेच्या घोषणेखाली जुन्या जखमा झाकल्या, हे मान्य. पण झाकलेले उघडणे वेगळे आणि खात्यातल्या दोन नोंदींपैकी सोयीची तेवढी दाखवणे वेगळे. (बँकेत त्याला फारसे सभ्य नाव नाही.)

झाग्रेबमधल्या 'फॅसिझमच्या बळींच्या चौका'ला १९९० साली क्रोएशियातल्या थोर पुरुषांचे नाव दिले गेले. २००० साली जुने नाव परत आले. चौक एक वेळ टाळता येतो. पावाचे पैसे देताना कुना कशी टाळणार? १९९१ च्या जनगणनेत तिथे सुमारे १२ टक्के सर्ब होते. त्यांच्यातल्या ज्याचे आजोबा यासेनोवाचहून परतलेच नाहीत, त्याला कातड्यांचा इतिहास सांगून काय उपयोग?

१ जानेवारी २०२३ रोजी कुना गेली, युरो आला. एक युरोच्या क्रोएशियन नाण्यावर तो प्राणी अजून आहेच. दहा, वीस आणि पन्नास सेंटांवर मात्र निकोला टेस्ला आहेत. हा शास्त्रज्ञ आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान गावचा, पण जन्म सर्ब धर्मगुरूच्या घरातला. सर्बियाच्या शंभर दिनारांच्या नोटेवरही तेच. २०२१ साली ही निवड झाली, तेव्हा सर्बियाच्या राष्ट्रीय बँकेने हरकत घेतली होती.