पिल्लांबरोबर आईला धरू नका



अनुवादाच्या २२व्या अध्यायात एक छोटासा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले, तर पिल्लांबरोबर आईलाही धरायचे नाही. तिला सोडून द्यायचे. पोट भरायला देवाची मनाई नाही, वंश संपवायला आहे.

समुद्रातले घरटे आपल्याला दिसत नाही. तारली, मांदेली, बांगडा अशा लहान माशांवर सुरमईसारखे मोठे मासे जगतात. पर्ससीन जाळे तारली-बांगड्यांचा अख्खा थवाच वेढून घेते. म्हणून महाराष्ट्राने २०१६ साली या जाळ्यांवर निर्बंध आणले आणि २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरवले. माशाने एकदा तरी अंडी घालावीत, हा त्यामागचा हेतू.

अशा नियमांनी गरीब मच्छीमाराच्या पोटावर पाय येतो, असे म्हणतात. ते दुःख खरे आहे. पावसाळी बंदीच्या काळात त्याला आधार मिळायलाच हवा. पण मासाच उरला नाही, तर सर्वांत आधी उपाशी राहील तोच.

आपण डिंडोलीकर जाळे टाकत नाही, बाजारात मासे घेतो. पण स्वस्त मिळतात म्हणून पापलेटची, बांगड्याची पिल्ले मागतो, तेव्हा त्या जाळ्याची दोरी आपणही ओढतो. मांदेली जातीनेच लहान, ती खुशाल घ्यावी. पिल्ले मात्र पाटीतच राहू द्यावीत आणि विकणाऱ्या मावशींना कारणही प्रेमाने सांगावे.

घरट्याच्या त्या नियमाबरोबर देवाने कल्याणाचे आणि दीर्घायुष्याचे वचन दिले आहे. आपल्या लेकरांच्या ताटासाठी आम्ही ते वचन धरून आहोत.